बाकी

ऑर्ता गाव, फायाल बेट. रात्रीचे पावणेतीन.
डिस्क भरली, सर्व्हर म्हणतो,
आता एक अक्षरही मावायचं नाही.
बंदराच्या तोंडाशी, पाण्याखाली, माइक ऐकतोच आहे;
ऐकलेलं ठेवायला कोपरा उरलेला नाही.

मी दोन अक्षरं टाइप करते: डी, यू.
ती निमूट उतरते फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरांत,
जकातनाक्यावरच्या कारकुनासारखी:
पेटीत काय आहे विचारत नाही,
काट्यावर ठेवते, आकडा लिहिते.
आधी लेकरांची वजनं, मग आईचं.

देवमासे, मार्च: दोनशे बारा जीबी.
देवमासे, एप्रिल: एकशे नव्वद.
फेरीबोटींची घरघर, जी कुणालाच नको असते: चारशे पस्तीस.
नातवाचा बाप्तिस्मा: तीन.
(झेफरीनो, किती वेळा सांगितलं तुला.)

एकूण आठशे चाळीस.
आणि डिस्क छातीवर हात ठेवून सांगते, दोन हजार भरले.
मधले अकराशे साठ?
पुन्हा बेरीज. तीच.
कॉफी. पुन्हा बेरीज.

मग आठवतं:
फाईल पुसली तरी
ती कुणी उघडी धरून बसलं असेल,
तर नाव जातं, जागा जात नाही.
यादीत नसलेल्याला यादी कशी मोजणार?

कुणी काय धरलंय, विचारते.
एकच ओळ उत्तर येते.
अनसेल्मोचा प्रोग्राम, चारशे बारा दिवस चालू.
तो स्वतः फॉल रिव्हरला, भावाच्या बेकरीत,
जाऊन चारशे सहा दिवस झाले.
फाईल मीच पुसली होती, नाताळच्या आवराआवरीत,
त्याचं टेबल झेफरीनोला दिलं त्याच दुपारी.
प्रोग्रामला कुणी कळवलंच नाही.
तो लिहीत राहिला,
निनावी पानावर, अख्खा समुद्र.

कॉपी करायला जागा नाही. तोच तर प्रश्न आहे.
हेडफोन लावून शेवटची दहा मिनिटं ऐकते:
साखळीचा खडखडाट, दूर एक इंजिन,
मग बराच वेळ नुसतं पाणी.
फॉल रिव्हरमध्ये आता पावणेअकरा;
बेकरीवाले लवकर झोपतात.

किल. एंटर.

अकराशे साठ जीबी मोकळे.
काही पडल्याचा आवाज होत नाही.
माइकचा हिरवा दिवा पुन्हा लुकलुकू लागतो,
आणि मी, का कोण जाणे,
झेफरीनोचे तीन जीबी तसेच ठेवते.