बेंबी

गावाच्या वर, बंद पडलेल्या खाणीच्या पाठीशी,
नांत-दूच्या चुली जिथे पिढ्यान् पिढ्या राख ओतत आल्या
तिथे रविवारी आम्ही खणतो,
इडवल प्रॉसर आणि मी.
तो एके काळचा बस ड्रायव्हर. मी औषधांच्या दुकानात,
काउंटरच्या आत, आठवड्याचे पाच दिवस.

आधी राख, मग शिंपल्यांचा थर,
मग काळी, तेलकट, वास मारणारी माती.
"इथून हळू," तो म्हणतो, आणि फावडं ठेवून
बागेतला वाकडा काटा हातात घेतो.

पहिल्या दिवशी त्याने मला डोळे मिटायला लावले.
"अंगठा फिरव. शिवण लागते?"
लागली. खांद्यावरून मानेवर, मानेवरून थेट ओठापर्यंत.
"मग यंत्राची. टाक परत."
दुसरी दिली. शिवण गळ्याशी येऊन विरली.
"हिचा ओठ माणसाने वळवलाय.
वेगळा तापवून, चिमट्याने, घाईत. बघ, तिरपाच आहे."
तिरपा होता. मला तो बाटलीपेक्षा जास्त आवडला.

मग कळत गेलं
गोटी सोड्याच्या बाटल्या अख्ख्या का मिळत नाहीत:
पोरांना सोडा नको होता, गोटी हवी होती.
आणि विषाच्या त्या निळ्या, षट्कोनी,
अंगभर रेघा कशाला? मेणबत्ती विझल्यावर
चुकून हात गेलाच, तर बोटांना कळावं.
आमच्या दुकानात आता दाबून फिरवायची झाकणं असतात.
म्हाताऱ्यांना ती उघडत नाहीत,
नातवंडं उघडून देतात.

काचेतला बुडबुडा म्हणजे दोष नाही, वय.
ओठाचा टवका म्हणजे निम्मी किंमत.
तडा म्हणजे खिडकीत ठेवायची, फुलं घालून, बायकोसाठी.
इडवलला बायको नाही. खिडकी भरली आहे.

मार्चमध्ये, छातीइतक्या खड्ड्यात, ती मिळाली.
बोटाएवढी. पाणेरी हिरवी. अंगावर उठावाची अक्षरं:
मिसेस हॅविलंड यांचं बाळांचं शामक सिरप.
त्याने उलटी केली. तळाला खरखरीत वण,
भट्टीतल्या सळईपासून मोडून घेतल्याचा.
"बेंबी," तो म्हणाला. "ही असली की जुनी.
दीडशे पौंड. कदाचित दोनशे."

बूच अजून घट्ट होतं. खाली तपकिरी, वाळलेलं काहीतरी.
मी वास घ्यायला वाकले, त्याने मनगट धरलं.
काय असायचं ते मला पाठ आहे:
अफू, साखर, बडीशेपेचा अर्क.
पहाटेची पाळी, सहा पोरं, सातवं रात्रभर रडणारं.
एक चमचा. मग गप्प.
कधीकधी फार गप्प.

"अर्धी भरलेली का टाकली असेल?"
तो खड्ड्याच्या भिंतीकडे बघत राहिला.
"तेवढी पुरली असेल," म्हणाला,
आणि पुढे काही बोलला नाही.

घरी तीनदा धुतली. आतला धूसर पडदा जाईना.
काच आजारी पडते, मातीत फार राहिली की.
तेलाचा थेंब फिरवला तर दिवसभर लख्ख दिसते,
बाजारात असे लख्ख चेहरे खूप असतात.
इडवलने तेल लावलं नाही.
भिंग घेऊन आलेल्या माणसाला आपणहून सांगितलं,
"आजारी आहे ती."
साठ पौंडांत गेली. त्याने नोटा मोजल्याही नाहीत.

सोमवारी एक मुलगी आली, वीस-बावीसची,
डोळ्यांखाली काळं, कुशीत गुंडाळलेलं.
"झोपतच नाही हो. काही आहे का?"
मी वय विचारलं, वजन विचारलं, ताप विचारला.
एक बाटली काढली, परत ठेवली.
म्हटलं, "औषध नको याला. तू बस जरा. दे इकडे."
दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती.
ते माझ्या खांद्यावर जिवाच्या आकांताने रडत राहिलं,
गरम, ओलं, आणि अजून पुरतं न वाळलेल्या
बेंबीवर त्याच्या, कापसाची छोटी घडी.