डबल लॉक

एकतीस वर्षं मी सिव्हिल लाइन्सच्या कोषागारात
एक किल्ली सांभाळली.
दुसरी गणवीरसाहेबांकडे.
दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नसे,
आत स्टॅम्पपेपर असोत
की दहावीच्या पेपरांची सीलबंद पेटी.

आणि घरी, कूलरच्या वरच्या फळीवर,
चार वर्षं एक काळा डबा लुकलुकत होता,
नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन.
मृदुला हैदराबादहून फोनवर म्हणाली,
"बाबा, हसू की रडू?"

मे महिन्याची दुपार, पारा पंचेचाळीस,
रस्त्यावर कुत्रंही नाही.
चष्मा पुसून मी जुनं लेजर उघडलं
आणि लिहून घेतलं:
एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब शून्य टिंब एक.
हा म्हणे आपल्याच घराचा पत्ता, आतून.
बाहेरचा तेवढा मला पाठ होता:
प्लॉट चौतीस, त्रिमूर्तीनगर, पाण्याच्या टाकीमागे.

यादी उघडली तर गल्लीभरच्या पाट्या हवेत.
रहाटे_पहिला_मजला. शिवकृपा_फाइव्हजी.
कुणाचं मागू_नका,
कुणाचं आधी_उधारी_दे.
वीस वर्षांत शेजाऱ्यांनी इतकं स्पष्ट
तोंडावर कधी सांगितलं नव्हतं.
आणि सगळेच्या सगळे सहा नंबरच्या चॅनलवर,
शनिवारी संध्याकाळी बर्डीवर असावेत तसे,
कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.
मी अकरावर गेलो.
तिथे जरा सावली होती.

एक बटण असं, की दाबलं तर कुणीही आत.
ते बंद केलं.
मग जोडलेली उपकरणं: पाच.
माझा फोन, कुंदाचा, टीव्ही,
मृदुला विसरून गेलेला टॅब.
पाचव्याला नाव नाही, नुसती बारा आकडे-अक्षरं,
रोज रात्री दहा ते साडेदहा.
ताळेबंदात एक रुपया जास्त निघाला
तरी माझी झोप उडायची.
ब्लॉक.
बोटाला फार बरं वाटलं.

रात्री दहाला मी गेटाशी आलो.
समोरच्या अर्धवट इमारतीचा चौकीदार चैतराम,
लांजीकडचा, आमच्याच भिंतीला टेकून बसतो.
रोज चेहऱ्यावर निळा उजेड असतो.
आज उभा होता, फोन वर धरून,
असा वळव, तसा वळव,
आटल्या विहिरीत पोहरा सोडून पाहावा तसा.

कुंदा म्हणाली,
"मीच दिला होता न बाप्पा पासवर्ड.
पोरगी झाली त्याला गावाकडे.
अजून हातात नाही घेतली त्यानं."
मग, पोळी उलटत,
"दुसरी किल्ली तुम्ही कोणाजवळ समजून राहिले होते?"

ब्लॉक उठवला.
पाहुण्यांसाठी वेगळं दार ठेवता येतं,
बसा, बोला, आतल्या खोल्या दिसणार नाहीत.
त्याला मी नाव दिलं: ओसरी.
पासवर्डसाठी पोरीचं नाव विचारलं,
तर ते अजून ठेवायचंय, म्हणाला.
मग वार आणि वजन घेतलं.
बुधवार, दोन हजार नऊशे ग्रॅम.
असा पासवर्ड ठेवू नये, मृदुला म्हणेल.
म्हणू दे.

मुख्य दाराचा मात्र आम्ही रीतसर टाकला.
आधी आठ अक्षरं मी,
कुंदा पाठ फिरवून उभी.
मग आठ तिनं,
मी कूलरच्या टाकीतलं पाणी बघत.
तिचे आठ मला ठाऊक नाहीत. माझे तिला नाहीत.
आता नवं काही जोडायचं तर
दोघंही लागतो.
हे मृदुलाला अजून सांगितलेलं नाही.
ती म्हणेल, कुठेतरी लिहून ठेवा.
लेजरचं ते पान मी कोरं सोडलंय.

रात्री लाइट गेली, आली.
डबा लाल झाला, बराच वेळ लालच,
मग हिरवा.
आतून कुंदानं विचारलं, "आलं का?"
मी तोंड उघडण्याआधी
भिंतीपलीकडून आवाज:
"आलं, काकू."