खांबांखालचा वारा

आमच्याकडे जमीन दगडासारखी असते
ती थंडीच्या भरवशावर.
दोन हात खणलं की बर्फ लागतो,
माझ्या आजोबांच्या आजोबांहून जुना.
त्यात आम्ही दहा मीटरचे खांब उतरवतो,
भोवती चिखल ओततो आणि निघून जातो.
अख्खा हिवाळा कुणी त्यांना हात लावत नाही.
धरतील तेव्हा धरतील.

मग त्यांच्यावर घर,
आणि घराच्या पोटाखाली
माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा.
नवखे विचारतात, इथं भिंत का नाही घातली?
वारा जाऊ दे म्हणून.
घराची ऊब खाली उतरली
तर घरच आपली जमीन वितळवतं.

एकवीस वर्षं लेना नदीच्या काठी मी हेच करतो,
आणि तरीही
आय्तालची गणितं मी सोडवून दिली.

बाहेर उणे चाळीस.
पोरगा पेन्सिल चावत बसलेला,
हातचा विसरायचा, पुन्हा विसरायचा.
डोळे भरले त्याचे. माझ्याच्यानं बघवेना.
दे इकडे, म्हणालो.
त्याच्यासारखं वेडंवाकडं अक्षरही काढलं,
एक सात तर मुद्दाम खोडून पुन्हा गिरवला.

वर्वारा सेम्योनोव्नांनी वही परत पाठवली.
ना लाल रेघ, ना गुण.
तळाशी बारीक अक्षरात एवढंच :
शाळेखालचा गरम पाइप बघून जा. कुठंतरी गळतोय.

टॉर्च घेऊन रांगत गेलो.
डोक्यावर बाकं सरकत होती,
पोरं पाढे म्हणत होती एका सुरात,
आणि सातच्या पाढ्यात
एक ओळखीचा आवाज मागे पडत होता.
कोपऱ्यातल्या खांबाशी थेंब टपकत होता.
कोमट. मायेनं टपकावा तसा.
बोटानं माती दाबली,
लोण्यासारखी आत गेली.
वर भिंतीला केसाएवढी चीर.
कुणी वाईट चिंतून पडलेली नव्हती ती.

पाइप बांधला. वर वर्गात गेलो नाही.

त्या रात्री तुयारानं धिरडी केली.
पहिलं धिरडं चुलीतल्या आगीला,
वर लोण्याचा गोळा; आमची रीत.
आय्ताल भुकेला, बघत होता.
"आग कधी पुरे म्हणते का?"
उत्तर होतं माझ्याकडे,
वडलांकडून आलेलं, तयार.
गिळलं.
तो जरा थांबला.
मग आपल्या ताटातलं, त्यातलं मोठं,
स्वतःच नेऊन ठेवलं आगीत
आणि बोट भाजून घेतलं.

तुयारानं लोणी लावलं बोटाला.
मी जागचा हललो नाही.

वही काढताना तो म्हणाला,
"बाईंना मीच सांगितलं, बाबा."
"त्यांनी विचारलं?"
"नाही."

कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.
म्हणजे खांब केव्हाच धरला होता,
आणि ठिबकत होतो तो मी.

स्टूल उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं.
आता आमच्यामध्ये
माणूस वाकून जाईल एवढी जागा.
पेन्सिल चालत होती, थांबत होती.
मग एकदा न थांबताच पुढे गेली,
तिच्या त्या घाईवरूनच मला कळलं,
हातचा विसरला.

कळलं, आणि मी बसून राहिलो,
वारा जाऊ देत.