चौदावी रांग

त्या रात्री मी काहीच ऐकलं नाही.
आधीच सांगतो, कारण दुकानात येणारी पोरं विचारतात,
काका, कुणाचं वाजवणं ऐकून या धंद्यात पडलात?
आणि त्यांना एखादं मोठं नाव हवं असतं.

मेळ्याचे दिवस. कंपूतल्या शाळेचा हॉल,
खिडकीची एक काच फुटलेली, धुकं थेट आत.
मी तेव्हा हार्मोनियमच्या पेट्या करायचो,
लग्नसराईत पलंग.
पास बेंद्र्यांनी दिला, कपाटाचे पैसे राहिले होते म्हणून.
चौदावी रांग, कडेची खुर्ची, डुगडुगणारी.
सवयीने खाली वाकून मी आधी तिचा सांधा बघितला.

बाई जबलपूरच्या. पत्रिकेत नाव सुमित्रा,
निवेदक म्हणाला सुचित्रा.
गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी कांडी.
दोन-चार स्वर लावले असतील नसतील,
लाइट गेली.

माइक मेला. कुणीतरी स्टेजवर कंदील आणून ठेवला.
मला वाटलं, आता उठतील.
त्या उठल्या नाहीत.
पहिल्या दोन रांगा पुढे झुकल्या,
तिसरीतला एक म्हातारा मान डोलवायला लागला.
आमच्यापर्यंत पोचत होतं फक्त
कांडीवरून सरकणारं कंदिलाचं तांबूस टिंब,
वर, खाली, एका जागी थरथरत, पुन्हा वर.
वीस मिनिटं मी ते टिंब बघितलं.
बाहेर कुणी गजक विकत होता.
तो मात्र स्पष्ट ऐकू येत होता.

घरी कुमुद म्हणाली, काय वाजवलं?
म्हटलं, माहीत नाही. लाकूड कमी पडलं.

त्या एका वाक्यावर एकोणीस वर्षं गेली.
पहिली केली सागाची,
पलंगासारखी मजबूत आणि पलंगाइतकीच बोलकी.
दुसरी तुणीची. जेठात लू सुटली आणि तबली मधोमध तडकली,
भर दुपारी, बंदुकीच्या आवाजात,
शेजारचे गोयल अर्ध्या दाढीनिशी धावत आले.
मग दौलतगंजात एक जुनं दुकान पाडलं,
त्याच्या देवदारी फळ्या आणल्या, खिळ्यांची भोकं चुकवून कापल्या.
तीन मिलिमीटर. अडीच.
टिचकी, कान, रंधा, पुन्हा टिचकी.
आतल्या पट्ट्या पंख्यासारख्या चिकटवल्या,
उचकटल्या, पुन्हा चिकटवल्या.
टरबूज घेतानाही कुणी एवढ्या टिचक्या मारत नाही, कुमुद म्हणाली.

गिऱ्हाईक दुकानात बसून वाजवायचं, वा म्हणायचं.
मी तोवर रस्ता ओलांडून
औषधवाल्याच्या पायरीवर उभा.
चौदा रांगा म्हणजे माझी सव्वीस पावलं.
बाईंना पत्रं टाकली, सुमित्रा नावाने एक, सुचित्रा नावाने एक.
दोन्ही परत आली.

गेल्या पौषात शिपायाकडून हॉल उघडून घेतला.
काचेच्या जागी आता प्लायवूड. खुर्च्या प्लॅस्टिकच्या,
वाकून बघावं असं त्यांत काही नाही.
स्टेजवर अर्शद. माझ्याकडे काम शिकतो,
वाजवायला त्याला एकच चाल येते, तीही अर्धी.
मी चौदाव्या रांगेत.
म्हटलं, दिवे घालव. सगळे.
त्याने कांडी तारेला टेकवली, ओढली.

आला.
बारीक, जरासा नाकातला, पण आला,
खुर्च्यांवरून, माझ्या मफलरपर्यंत.
आणि माझं कानाकडे लक्षच नाही,
डोळे अंधारात ते टिंब शोधत होते.

अर्शद ओरडला, काका, पोचतंय का?

मी उत्तर दिलं नाही.
उठलो,
पंधराव्या रांगेत जाऊन बसलो.