कोनाडा

मे महिन्यातला रविवार. जेवणवेळ उलटली होती,
आणि कुस्को हललं.
आमच्या घराच्या मातीच्या विटा
पुन्हा नुसती माती झाल्या.
मठाच्या कमानी खाली आल्या, चुन्याचा गिलावा
पापुद्र्यापापुद्र्यानं सुटला,
आणि आतून जुन्या भिंती निघाल्या,
काळसर, अंग किंचित आत झुकवून उभ्या,
सूर्याच्या देवळाच्या.
एक सांधा हललेला नव्हता.

बाप गवंडी. मेल्चोर युपा.
दोन दगडांच्या मधून त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं,
कुठं अडकलं नाही.
"चुना नाही," एवढंच म्हणाला,
आणि बराच वेळ आपली थापी धूत बसला.

फ्राय आन्सेल्मोनं त्याला रोजावर घेतलं.
ढिगारा उपसायचा, मग तुळया, मग छप्पर.
आम्ही तेव्हा मैदानात, ताडपत्रीखाली.
मी नऊ वर्षांची, सकाळीच त्याचं जेवण पोचवायची:
फडक्यात उकडलेले बटाटे, कधी मूठभर मका.
कुठं ठेवू, विचारलं
तर त्यानं थापीनंच दाखवलं.
भिंतीतला कोनाडा, खाली रुंद, वर निमुळता,
चारशे वर्षं गिलाव्यामागं बुजलेला.

फ्राय येऊन उभा राहिला.
"इथं पूर्वी काय ठेवत असतील, मेल्चोर?"
"माझं जेवण, पाद्रीबाबा."
फ्राय हसला. बाप नाही हसला.

रात्री शेजारच्या ताडपत्रीतली दामियाना सांगायची,
भिंतींना सोन्याचे पत्रे होते,
अंगणात सोन्याचा मका, सोन्याच्या पानांत गुंडाळलेला.
मी म्हटलं, सोन्याचा मका उकडतात कसा?
तिनं टपली मारली.
"उकडला की त्यांनी.
पार वितळेपर्यंत उकडला."

त्या हिवाळ्यात वर काहीच नव्हतं.
ऊन आधी भिंतीच्या माथ्यावर यायचं,
एकेक दगड उतरत
दहाच्या सुमारास कोनाड्यात शिरायचं
आणि तिथंच बसून राहायचं.
दुपारी मी फडकं सोडायची
तेव्हा बटाटे आणले होते त्याहून गरम.
दगड गरम. दगडाला टेकलेली बापाची पाठ गरम.
देवाचं नाव तो घेत नसे, कुठल्याच.
पहिला घास तेवढा जमिनीवर ठेवायचा,
तो काय, सगळेच ठेवतात.

मग तुळया चढल्या. कौलं चढू लागली.
उन्हाचा तुकडा आधी घोंगडीएवढा होता,
मग घोंगडीच्या काठाएवढा.
"एक कौल सैल ठेव ना," मी म्हटलं.
"पावसात गळेल," तो म्हणाला.
"आणि मग म्हणतील, मेल्चोरचं काम."

शेवटचा रोज त्यानं बोटांवर मोजून घेतला.
त्यातून आमच्या घराची कौलं आली.
दोन्ही छपरं अजून गळत नाहीत.
मी आता त्याच्याहून म्हातारी आहे,
पावसाळ्यात अजून दोन्हीकडं बघून येते.

त्या दुपारी कोनाड्यात हात घालून
मी फडकं काढलं, सोडलं.
बापानं एक बटाटा उचलला,
तळहातावर जरा वेळ धरला
आणि परत ठेवला.
फडक्याची गाठ स्वतःच बांधली.
"बाहेर चल," म्हणाला,
"रस्त्यावर बसून खाऊ."