माप

कोंढव्याच्या दवाखान्यात
ती पोरगी म्हणाली, डोळे मिटा,
आणि नायलॉनचा दोरा
टेकवत गेली बोटाबोटावर.
लागलं की हो म्हणा.

मी कासारीण. रविवार पेठेत
तीस वर्षं बायकांचे हात दाबले.
अंगठ्याखालचं हाड कुठं वळतं,
कुठली नवरी भीतीनं मूठ आवळते,
कुणाला दिवस गेलेत, हात सुजलाय,
सगळं बोटांना आधी कळायचं,
मला नंतर.

मग एकदा काच फुटली.
गिऱ्हाईक ओरडलं, मावशी, रक्त!
मी तिचाच हात उलटासुलटा बघत बसले.
रक्त माझं होतं.

करंगळी वळली, मग तिची शेजारीण.
वर्षभराच्या गोळ्या संपल्या,
कार्डावर शिक्का पडला: बरी झाली.
बोटांचं काय,
ते विचारायचं राहिलं. बस सुटत होती.

दोऱ्याला मी म्हणत गेले
हो.
हो. हो.
तिच्या श्वासाची लय धरून,
चुडा भरताना धरायचे तशी.
शेवटी ती हळूच म्हणाली, शालनमावशी,
मघापासून मी दोरा लावलाच नाहीये.

डोळे उघडले.
ती कागदावर फुल्या मारत होती.
मी तिच्या मनगटाकडं पाहिलं, नुसतं पाहिलं.
सव्वादोन, म्हटलं. पण उजवा जड आहे तुझा,
अडीचच घे.

मी बांगड्या घालत नाही, ती म्हणाली,
आणि माझा हात पुन्हा हातात घेतला.

घेतलेला दिसला.