बॅच ११२, डुंकेल

हर्बर्ट नीमायरचं नाक गेलं डिसेंबरात,
साध्या तापात. ताप उतरला,
नाक परतलं नाही.
अख्ख्या सिनसिनाटीत त्याने कुणाला सांगितलं नाही,
फक्त मला, तेही कढईकडे बघत:
'आता तू हुंग. मी ऐकतो.'

आणि खरंच ऐकायचा तो.
मॉल्टचा तिसरा हिस्सा, घट्ट, वल्हं उभं राहील असा,
वेगळा काढून उकळायचा,
मग पुन्हा मोठ्या पातेल्यात ओतायचा.
बाकीचे हे तासाभरात उरकतात, बटणं दाबून.
इथे सहा तास, दोन माणसं,
आणि उकळीचा आवाज पातळाचा घट्ट होतो
तो एक क्षण.
शिरोळला आमच्या गुऱ्हाळात गुळव्या असाच उभा राहायचा
काहिलीपाशी, डोळे मिटून.
वडील दटावायचे, हाक मारू नका त्याला,
रस बोलतोय.

पहिल्या आठवड्यात मी सगळीकडे चुकले.
डुंकेल म्हणजे काळी, एवढंच ठाऊक.
'काळी कुठे? दिव्याजवळ धर.'
धरली. जुन्या सागवानी दाराला तेल लावल्यावर
येतो तो तांबूस उजेड, आत.
श्वार्त्सबियर मात्र खरोखर काळी, डांबरासारखी,
मी दचकत घोट घेतला,
तर हलकी, कोरडी, आली तशी निघूनही गेली.
दिसतं तसं नसतं, मी पुटपुटले.
आणि डोपेलबॉक. बॉक म्हणजे बोकड,
पिंपावर शिंगं रंगवलेली.
मठातले साधू चाळीस दिवसांच्या उपासाला
भाकरीऐवजी हीच पीत, म्हणे.
मी इतकी हसले की वल्हं सुटलं हातातून.
एकादशी अन् दुप्पट खाशी,
हे इंग्रजीत समजावता समजावता
उकळी हातची जात होती.

तळघराला एकेचाळीस पायऱ्या.
दगडी कमानी, त्याच्या पणज्याच्याही आधीच्या.
नदीवरच्या बर्फाच्या लाद्या इथे रचत.
वर रस्त्याचं नाव ब्रेमेन होतं,
युद्ध आलं आणि रिपब्लिक झालं.
पाठोपाठ दारूबंदी. तेवढी वर्षं
कमानींखाली नुसती थंडी साठत राहिली.
'लागर म्हणजे काय, तर ठेवणं,' हर्बर्ट म्हणाला.
'ठेवून विसरणं नाही.'
आमच्याकडे त्याला मुरणं म्हणतात, मी सांगितलं.
लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो,
माणूस धंद्यात मुरतो,
आणि कुठे पाणी मुरत असलं
तर कुणीतरी काही लपवतंय.
तो पायरीवरच थांबला.
'मी लपवतोय. वेंडेलला नाकाचं सांगितलेलं नाही.
कळलं तर विकून टाकेल पोरगा.'

आठ आठवड्यांनी नळ उघडला.
वेंडेल हिशेबाला आला होता, कोट न काढता उभा.
हर्बर्टने ग्लास नाकाशी नेला, सवयीने,
डोळे मिटले, उघडले,
आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. 'बोल.'
भिंतीवर चवींचा तक्ता: टोस्ट, टॉफी, अक्रोड.
मी तिकडे पाहिलं नाही.
भाकरीची कड, म्हटलं,
तव्यावर जरा जास्त राहिलेली.
करपलेली नाही. करपायच्या एक श्वास अलीकडे.
मागून काकवी, पण गोडी घशात रेंगाळत नाही.
'याला एक शब्द?'
खरपूस.
त्याला ख जमेना. घसा खरवडून पाहिला,
मग आजीचा कुठलासा जर्मन उच्चार सापडला
आणि जवळपास जमलं.
वेंडेल म्हणाला, 'पॉप,
तुला वासच येत नाही ना?'
कढई थंड होती. ऐकायला काहीच नव्हतं.
हर्बर्टने फडक्याने नळ पुसला,
पुसलेलाच पुन्हा पुसला.

आज नोंदवही उघडली.
बॅच, तारीख, तापमान. चवीच्या रकान्यात
थरथरत्या रोमन अक्षरांत, दोनदा गिरवलेलं: खरपूस.
खाली दुसऱ्या हातचं, निळ्या शाईत:
११३ कधी लावताय?